गतिराज, नॉब तीनवर

१ जून १९९७, रविवार. सकाळी ७.

आजपासून रोज लिहिणार. मोठ्या शोधांच्या बाबतीत लोक पुढे तारखा विचारतात आणि ऐनवेळी त्या सापडत नाहीत.

प्रॉब्लेम असा. आमचं कातडं शिवायचं मशीन क्लच मोटरवर चालतं. या मोटरला दोनच गोष्टी कळतात, बंद आणि सुसाट. पॅडलवर पाय ठेवला की मिनिटाला अठ्ठावीसशे फेरे. आणि कातडं तर हळू शिवावं लागतं, कारण सुईचं चुकलेलं भोक परत बुजत नाही. मी मशीनवर बसलो की टाके बोळात म्हैस सुटल्यासारखे जातात. यावरून मोटर सदोष आहे हे सिद्ध होतं.

आमचे कारागीर आकारामकाका याच मोटरवर सरळ शिवतात, ते सोडा. पॅडल अर्धवट दाबायचं, तळवा चाकावर घासायचा आणि वेग आवरायचा. एकतीस वर्षं, माझ्या वडिलांच्या म्हणजे दादांच्या वेळेपासून, हेच चाललंय. ही टेक्नॉलॉजी नव्हे, सवय आहे.

फेब्रुवारीत पुण्याच्या प्रदर्शनात परदेशी सर्व्हो मोटर पाहिली. एका बाईने पॅडलवर नुसता अंगठा टेकवला. एक टाका. पुन्हा टेकवला. दुसरा टाका. थांब म्हटलं की सुई कातड्यात रोवून थांबते. माहितीपत्रक वाचून मी मर्म समजून घेतलं. सर्व्हो आपला वेग आपणच सतत बघत असते आणि चुकलं की आपणच सुधारते. साध्या मोटरला ते जमत नाही. तिला वाटतं आपलं बरोबरच चाललंय.

अशी वस्तू विकत काय घ्यायची? मीच बनवणार. नावही ठरलं : गतिराज.

वेळही योग्य आहे. तासगावचे द्राक्षवाले हंबीरराव यांनी बेंदरासाठी बैलांचे साठ घुंगरपट्टे सांगितलेत. बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा पोळा, अठरा जुलैला. दादांच्या वेळचं गिऱ्हाईक. हे हुकलं तर दुकानात उरतात शाळेच्या दप्तरांच्या चेनी. मग शटर ओढून घेतलेलं बरं.

संकल्प : ५.३० ला उठणे. दुपारची झोप बंद. चहा दोनच.

२ जून.

उठलो ८.१० ला. गजर वाजला होता असं माझी बायको अनसूया म्हणते. पुरावा नाही.

४ जून. सांगली.

पार्ट आणायला गेलो. एसटीत कराडपर्यंत उभा. कंबर गेली.

मोटर वाइंडिंगवाले सिद्धूअण्णा यांना सर्किट दाखवलं. ते म्हणाले, आवं ह्यो पंख्याचा रेग्युलेटर झाला की. पंख्याला हवा ढकलायची आस्ती, तुमच्या मोटरला कातडं भोसकायचं हाय. ह्यानं ताकद जाती, मोटर तापती आन् जळती. सर्व्हो न्हवं ह्यो.

सिद्धूअण्णा चांगला माणूस. पण आयुष्य तांब्याच्या तारेत गेलं. दृष्टी तेवढीच राहते.

येताना भडंग आणलं. अनसूयेनं ते डब्यात काढून घेतलं, सर्किटकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

७ जून.

पहिली चाचणी. गतिराज जोडला, नॉब एकवर. मोटरने खोल, गंभीर आवाज काढला. फिरली नाही. वास आला. यात निराश होण्यासारखं काही नाही, मोटर जुळवून घेत्येय.

आकारामकाका म्हणाले, अनंतराव, वायर काढा. मी म्हटलं, काका, धीर.

(दादा गेल्यापासून ते मला अनंतराव म्हणतात. आधी नुसतं अनंता म्हणायचे, अरे-तुरे. माणूस वर चढला की हाकेतसुद्धा कळतं.)

९ जून.

मोटर जळली.

१० जून.

मोटर सांगलीला वाइंडिंगला दिली. आठ-दहा दिवस. सिद्धूअण्णांनी मोटरचा वास घेतला आणि पावती फाडली. हे बोलण्यापेक्षा जास्त लागतं.

आकारामकाका आता हाताने चाक फिरवून शिवतायत. दिवसाला दोन पट्टे, कसेबसे. तीन पदरी कातडं आवरायला दोन हात लागतात आणि त्यातला एक चाकावर. संध्याकाळी खांदा चोळत बसले होते. वाईट वाटलं. पण यातूनच गतिराजची गरज अधोरेखित होते, असं मी त्यांना म्हणालो.

अनसूया म्हणाली, माणसाला जरा तरी काही वाटावं.

कुणाबद्दल म्हणाली ते कळलं नाही.

२० जून.

मोटर आली. गतिराजची सुधारित आवृत्ती जोडली. जाड पत्र्याचा डबा, वर नॉब, एक ते पाच आकडे मी स्वतः रंगवले. काकांना उठवून मीच बसलो. चार पट्टे शिवले. चारही वाया. चांगलं कातडं होतं. दोष व्होल्टेजचा. साताऱ्यात सकाळी व्होल्टेजच नसतं.

काकांनी ते चार पट्टे एकेक करून बाजूला ठेवले. मग म्हणाले, तुमी वर जाऊन जरा पडा. आमी बघतो तुमच्या डब्याकडं.

दुकान खाली, घर वर, ही एक सोय आहे. एक ते चार चिंतन केलं.

चारला खाली आलो तर तीन पट्टे तयार! टाका अन् टाका सरळ. नॉब तीनवर. काकांना विचारलं, कसं वाटलं? ते म्हणाले, लय ब्येस हाय डबा. फकस्त त्याला आता हात लावू नका. अनसूया बाजूला घुंगरं निवडत होती, तिला ठसका लागला.

नोंद : गतिराज यशस्वी. नॉब तीनवर सर्वोत्तम.

२५ जून.

शास्त्रीय निरीक्षण चालू. काल काका जेवायला गेले तेव्हा नॉब गुपचूप पाचवर केला. दुपारी तसेच पट्टे, तीच शिलाई. आज एकवर केला. तीच शिलाई. म्हणजे नॉब कुठेही असो, वेगात तिळमात्र फरक पडत नाही. यालाच स्थिरता म्हणतात. परदेशी मोटरलाही हे साधलं असेल का, शंका आहे.

मी बसतो तेव्हा मात्र मोटर सुसाट पळते. नवी वस्तू आहे, एकाच माणसाचा पाय ओळखते बहुतेक. होईल सवय.

१ जुलै.

आज बारा ते साडेचार लाइट नव्हती. चिंतन करून उठलो तर घामाघूम. खाली आलो आणि थक्क झालो. चार पट्टे झाले होते! लाइट नसताना!

अनसूयेला विचारलं, हे कसं? ती म्हणाली, तुमच्या डब्यात राहिली असेल थोडी वीज.

बरोबर. कॅपॅसिटर. मी एवढा मोठा घातला होता हे मीच विसरलो होतो. पेटंटच्या अर्जात हा मुद्दा वेगळा टाकायचा.

अनसूयेच्या हाताला मशीनच्या तेलाचा वास येत होता. डोक्याला हल्ली कुठलं तेल लावते विचारलं पाहिजे.

५ जुलै.

पेटंटचा अर्ज लिहायला घेतला. पहिलं वाक्य झालं. फार थकवा आला. पोवई नाक्यावर चहा. (सहावा.)

८ जुलै.

एकेचाळीस पट्टे झाले. सकाळ-दुपार मशीन चालू असतं. मी देखरेख करतो. देखरेखीने पाठ दुखते हे लोकांना पटत नाही.

आज विचार केला. गतिराज असताना कारागिराची गरज ती काय? काका चौसष्टचे. खांदा गेलाय. त्यांना आराम मिळायला हवा. बेंदूर झाला की शाल-श्रीफळ देऊन मोकळं करावं. पुढे मी आणि गतिराज.

अनसूयेला सांगितलं. ती पोळी लाटायची थांबली. म्हणाली, असलं काही करू नका, मला तुम्हाला काही सांगायचंय. मी म्हटलं, भावना बाजूला ठेव. बाई रडकुंडीला आली होती. बायकांना बदल सोसत नाही.

१० जुलै.

काकांना सांगितलं. ते धाग्याला मेण लावत होते. लावतच राहिले. मग म्हणाले, अनंतराव, त्या डब्याचं म्हंजी आसं हाय... मी म्हटलं, कौतुक समारंभात करा. त्यांनी धागा सुईत ओवला. म्हणाले, बरं. तुमचं दुकान हाय.

मी पोवई नाक्यावर चहाला गेलो. (सातवा.)

अनसूया कालपासून बोलत नाही. शांतता चांगली असते, पण भाजीत मीठही घालायचं बंद केलंय.

१६ जुलै.

साठ पूर्ण! हंबीरराव स्वतः जीप घेऊन आले. एक पट्टा दोन्ही हातांनी ताणला, शिलाईवरून नख फिरवलं. म्हणाले, दादा गेल्यावर वाटलं हुतं हितलं काम संपलं. पर हात त्योच हाय. कुनाचा म्हनायचा?

मी डब्यावरचं फडकं काढलं. गतिराज समजावून सांगितला, दहा मिनिटं. हंबीररावांनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा आकारामकाकांकडे. काका खाली मान घालून घुंगरं मोजत होते. हंबीरराव म्हणाले, आसं व्हय. ब्येस.

जाताना आणखी बारा पट्टे सांगून गेले. पाव्हण्यांना जनावरांच्या प्रदर्शनात पाहिजेत, दहा ऑगस्टच्या आत. हेच माझं प्रमाणपत्र.

१८ जुलै. बेंदूर.

समारंभ झाला. शाल, नारळ. माझं भाषण लांबलं असं अनसूया म्हणाली (नऊ दिवसांत पहिलं वाक्य). काकांनी आपली मेणाची वडी मागितली नाही, आरी नेली नाही, फक्त बसायची गोणपाटाची घडी घेतली. उंबऱ्यावर थांबून मशीनच्या चाकाला हात लावला आणि तोच हात कपाळाला. मग एसटी स्टँडकडे गेले. पाटणला लेकीकडे राहणार.

उद्यापासून नवं पर्व. ५.३०.

१९ जुलै.

८.४०.

२१ जुलै.

मशीनवर बसलो. नॉब तीनवर. पॅडल दाबलं. सुसाट. सुया तीन मोडल्या. नॉब एकवर. सुसाट. पाचवर, सुसाट. नॉब हातात आला तरी सुसाट.

२२ जुलै. दुपार.

गतिराज उघडला.

आत सर्किट नाही. वेग आवरणारा ट्रायक नाही, कॅपॅसिटर नाही. मेणाची दुसरी वडी, सुयांची पुडी, खांद्याला लावायच्या मलमाची अर्धी ट्यूब. मेन लाइन डब्याच्या मागून सरळ मोटरला जोडलेली. जोड इतका व्यवस्थित, वर टेप इतकी नीट, की घरात असा जोड एकच माणूस देतं. आमचा मिक्सर अनसूयाच दुरुस्त करते.

वर गेलो. अनसूया तांदूळ निवडत होती. मी डबा तिच्यासमोर ठेवला. ती म्हणाली, वीस जूनलाच काढलं. तुम्ही चार पट्टे घालवून वर झोपलात त्या दुपारी. पुन्हा मोटर जळली असती तर बेंदूर हुकला असता. काका म्हणाले, वयनी, त्यास्नी सांगू नका, हिरमुसतील. आणि लाइट गेली तेव्हा चाक मी फिरवत होते.

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही, काकांना काढताना? ती म्हणाली, दोघांनीही तोंड उघडलं होतं. तुम्ही ऐकलंत कुठं?

सर्किट पिठाच्या डब्यामागे होतं. तिनं जपून ठेवलं होतं.

२४ जुलै.

तरी एक शेवटची चाचणी घेणं शास्त्राला धरून होतं. सर्किट पुन्हा जोडलं.

मोटर जळली.

२६ जुलै.

सांगली. सिद्धूअण्णांनी मोटर घेतली, वास घेतला, पुन्हा पावती फाडली. स्वतः चहा मागवला मात्र. पंधरा दिवस लागतील.

दहा ऑगस्टला बारा पट्टे. मी एकही सरळ शिवू शकत नाही. हे वाक्य लिहून झाल्यावर दोनदा वाचलं. बरोबर आहे.

२८ जुलै. पाटण.

काकांच्या लेकीचं घर शोधलं. तानुबाई दारातच म्हणाली, आता काय राह्यलं म्हनून आलासा? आवं, बापाला माझ्या चार दिस जेवान गोड लागलं न्हाई. शाल मात्र भारी दिलीसा. मी चपला काढल्या.

काका ओट्यावर नातीच्या दप्तराचा बंद हाताने शिवत होते. मी सांगितलं, काका, डबा उघडला.

ते म्हणाले, मेनाची वडी कोरडी पडली न्हाई ना?

मग मला रडू आलं. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, लोकांच्या ओट्यावर. काकांनी बंदाचा शेवटचा टाका घातला, दातानं धागा तोडला आणि तानुबाईला म्हणाले, च्या टाक गं.

२ ऑगस्ट. सातारा.

उठलो ५.२०. काका सहाच्या गाडीनं येणार होते, शटर उघडं पाहिजे.

मोटर नाही, त्यामुळे हातानेच. त्यांचा खांदा चालत नाही, म्हणून चाक मी फिरवतो. त्यांनी दोन्ही हातांनी कातडं धरलेलं. ते म्हणतात, हळू. मी हळू फिरवतो. आजून हळू. आजून हळू. एक टाका. थांबा, सुई खाली ऱ्हाऊ द्या. थांबतो. मागं या अर्धा. येतो. घाई केली की डोळे वर करून बघतात, तेवढ्यानं कळतं.

दुपारी वर गेलो नाही. हात भरून आलेत, पेन धरवत नाही. अनसूयेनं मलमाची ट्यूब आणून दिली, तीच अर्धी. भाजीत मीठ होतं.

दिवसभरात दोन पट्टे. टाके सरळ.

संध्याकाळी काका गोणपाटाची घडी करत म्हणाले, उंद्या येळंवर खाली येशील न्हवं रं अनंता?

मी म्हटलं, येतो काका.