एका नावाच्या तिघी

७ जानेवारी

चि. मधलीस,
थोरलीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

नात झाल्याची बातमी पोचली. आजी झालीस, आता तरी केस रंगवायचं सोड. बाळ मुठी आवळून झोपतं असं लिहिलंस, म्हणजे तुझ्यावरच गेलं आहे. सुनेला जप, आणि तिला उठता बसता शिकवायला जाऊ नकोस.

नावाचं विचारशील तर माझं मत ठाम आहे. आपल्या आजीने तिन्ही मुलांच्या पहिल्या मुलींना स्वतःचंच नाव दिलं, आणि आपण तिघी चुलत बहिणी एकाच नावाने वाढलो. काय बिघडलं? खाऊसाठी हाक आली की तिघी धावायचो, कामासाठी आली की प्रत्येकीला वाटायचं दुसरीला मारली. शेवटी माझ्या आईने कंटाळून थोरली, मधली, धाकटी करून टाकलं. आता चौथी येऊ दे.

धाकटीवर मात्र मी रागावले आहे, आणि हे तिला मोठ्याने वाचून दाखव. दर रविवारी ती आमच्या हॉस्पिटलच्या मागच्या फाटकाशी येते, मी शिवणखोलीतून डबा घेऊन जाते, आणि दोघी तिथेच पायरीवर बसून जेवतो. या रविवारी आलीच नाही. जेवण तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याच्या दुकानात जाऊन विचारलं, तर मान वर न करता म्हणाला, आपल्या नावाच्या बहिणीकडे गेली आहे, महिनाभर राहील. म्हणजे तुझ्याकडे! इतकी वर्षं मी कानीकपाळी ओरडते आहे की त्या माणसाचा मार खात राहू नकोस, ऊठ आणि माझ्याकडे ये. बाईसाहेब उठल्या, त्या तुझ्याकडे! असो. सुटली हे महत्त्वाचं. तो न्यायला आला तरी पाठवू नकोस. डोळ्याखालचा काळा डाग गेला का, ते कळव.

इथे चादरींचा ढीग उपसत बसले आहे. आमच्या बायकांच्या वॉर्डात माझ्याच नावाची एक बाई आणली आहे. कुठेतरी पडलेली सापडली म्हणे. डोक्याला मार, तोंड सगळं बांधलेलं. वॉर्डातल्या आया मला चिडवतात, की तुमची नावबहीण दिवसभर स्वतःचंच नाव घेते, आम्ही सांगतो कळलं हो बाई, लिहून घेतलंय, आता पड. धाकटी तुझ्याकडे आहे हे ठाऊक नसतं तर माझ्या काळजात धस्स झालं असतं. एकदा वर जाऊन बघणार होते, पण गुडघे जिना चढू देत नाहीत.

बाळाला पापे. लोभ आहेच, तो धाकटीला सगळा देऊन टाकू नकोस.

तुझी,
थोरली

१३ जानेवारी

ती. थोरलीताईस,
मधलीचा सा. न. वि. वि.

ताई, आधी एकच सांगते. धाकटी माझ्याकडे नाही. आलेलीच नाही.

बाळाला बघायला ये म्हणून मी तिला कार्ड टाकलं होतं. उलट टपाली तिच्या नवऱ्याचं उत्तर आलं, की ती आपल्या नावाच्या बहिणीकडे गेली आहे, काय लिहायचं ते तिकडे लिहा. मला वाटलं तुझ्याकडे. मनात म्हटलं, शेवटी ताईने तिला ओढून नेलंच. इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी सुनेशी वाद घातला नाही. तिच्यासाठी दोन जुनी लुगडी काढून ठेवली, ती मुलाबरोबर तुझ्याकडे पाठवणार होते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्या माणसाला आपल्या घरची गंमत पक्की ठाऊक आहे. तुला सांगितलं ते तुला माझं वाटलं, मला लिहिलं ते मला तुझं. एकाच थापेत दोघींना गप्प बसवलं त्याने. आणि आपण दोघी, ती दुसरीकडे आहे म्हणून निर्धास्त बसलो.

ताई, त्या वॉर्डातल्या बाईला बघ. ती दुसरीच कुणी निघो, आणि तिच्या घरच्यांना ती सापडो. पण तू वर जा. गुडघे दुखले तर दुखू देत, कुणाचा तरी हात धर. टपालावर माझा भरवसा नाही म्हणून मुलालाच हे पत्र देऊन गाडीत बसवते आहे. तो तुझ्या हातात देईल, तिथल्या तिथे वाच.

सुनेला बाळासाठी आजीचं नाव नको आहे. घरात एक आहे तेवढी पुरे, असं म्हणाली. मी हट्टाला पेटले होते. आज त्याचं काही सुचत नाही.

तुझ्या उत्तराकडे डोळे लागले आहेत.

मधली

१७ जानेवारी

चि. मधलीस,
आशीर्वाद.

मुलगा घरी येऊन सगळं सांगेलच, पण मी स्वतः लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. ती धाकटीच होती.

त्याने पत्र दिलं तेव्हा मशीनवर होते. वाचलं आणि तशीच उठले. जिना कसा चढले ते आठवत नाही. त्या पलंगावर दुसरीच एक म्हातारी बसून चहा पीत होती. आया म्हणाल्या, तुमची नावबहीण काल पहाटे गेली. मग त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि हसायच्या थांबल्या.

खाली प्रेतं ठेवतात त्या खोलीत नेलं. फाटक्या चादरींतले धड तुकडे काढून मी दुसऱ्या चादरींना लावते, त्याला माझा दुहेरी टाका असतो. तिच्या अंगावर तीच चादर होती. चेहऱ्यावरून ओळख पटत नव्हती. पण कानाची पाळी फाटलेली होती, लहानपणी डूल ओढून तूच फाडलेली. त्यावरून मी हो म्हटलं.

त्या रविवारच्या आदल्या रात्री ती हॉस्पिटलच्या मागच्या फाटकाशी सापडली होती. त्या फाटकातून फक्त धुलाईची गाडी येते. बाहेरचं माणूस तिकडे फिरकत नाही, तिच्याखेरीज. मधले, ती माझ्याकडेच येत होती. मी इतकी वर्षं ये म्हणत होते, आणि ती आली होती.

ती स्वतःचं नाव सांगत नव्हती गं. जन्मात कधी तिने मला नावाने हाक मारली नाही, ताईच म्हणायची. पण इथे मला ताई म्हणून कोण ओळखतं? म्हणून बिचारीने माझं नाव घेतलं. दिवसभर मला बोलवा, मला बोलवा म्हणून घेत राहिली, आणि सगळे तिला सांगत राहिले की कळलं तुझं नाव. मी एक जिना खाली बसून चादरी शिवत होते. हे मला मरेपर्यंत पुरणार आहे.

पोलिसांकडे जाऊन आले. नवरा म्हणतो जिन्यावरून पडली. त्यांच्या घराला जिनाच नाही, एक खोली आहे आणि ती रस्त्याला लागून. तेवढं लिहून घ्या म्हणून मी तिथे ठाण मांडून बसले आणि तुझा मुलगा माझ्याजवळ उभा राहिला. घेतलं लिहून. पुढे काय करतात बघू. मी रोज जाणार आहे.

बाळाचं नाव सुनेला हवं ते ठेवू दे. फक्त दोन्ही घरांत, आसपास, ओळखीत कुणाचं नसलेलं ठेवा. उद्या तिने कुणाला हाक मारली तर ऐकणाऱ्याला कळायला हवं की ही दुसऱ्या कुणाला तरी बोलावते आहे.

थोरली

२४ जानेवारी

ती. थोरलीताईस,
मधलीचा नमस्कार.

पत्र सुनेनेच वाचून दाखवलं, माझ्याने शेवटपर्यंत वाचवेना. वाचून झाल्यावर ती बराच वेळ माझ्याजवळ बसून राहिली. बाळाचं नाव तिने ठेवलं. मी कधी न ऐकलेलं आहे आणि माझी जीभ त्यावर अडखळते. दिवसभर पाठ करते आहे.

तू रोज पोलिसांकडे एकटी जायची नाहीस. रविवारी मी निघते आहे. डबा घेऊन त्याच फाटकाशी येईन, तू खाली ये. त्याच पायरीवर बसून जेवू. जेवण जाणार नाही, तरी बसू. वॉर्डातल्या आयांवर राग धरू नकोस, त्यांना काय ठाऊक. स्वतःवरही धरू नकोस, असं लिहिणार होते, पण मलाच ते जमत नाही.

धाकटीसाठी काढलेली लुगडी अजून खुर्चीवर आहेत. सून उचलायला गेली, तर मी नको म्हटलं.

सही काय करावी हा प्रश्न पडला, ताई. माझ्या खाली आता कुणी नाही, मग मी मधली कसली? तरी तीच करते आहे. ती केली की दोन्ही बाजूंना कुणीतरी आहे असं वाटतं.

लोभ आता दोघींतच वाटून घ्यायचा आहे, तेव्हा कमी करू नकोस.

तुझी,
मधली