डावा कोपरा

थॉर्नवेल, डर्बीशर

प्रिय हेस्टर,

तुझा पत्ता माझ्याकडे नाही, तरी लिहितेय.

यंदाही आम्ही पाकळ्यांच्या चित्राची मोठी फळी उभारून गावाचा झरा सजवला. फळीवरच्या ओल्या मातीत पाकळ्या खालून वर लावत जायचं, म्हणजे पाऊस कौलांवरून ओघळावा तसा ओघळतो. तू वरून खाली लावल्या होत्यास, म्हणून बारा वर्षांपूर्वी मी अख्ख्या गावासमोर तुझा कोपरा उखडला. "एवढी घोडी झालीस, साधी पाकळी लावता येत नाही?" त्याच दुपारी तू बसमध्ये बसलीस, ती कायमचीच.

यंदा तो डावा कोपरा मी मुद्दाम तुझ्यासारखा लावला. शनिवारी पाऊस आला. जवळच्या गुहा बघून आलेले पर्यटक छत्र्या धरून झऱ्यापाशी उभे होते. त्यांच्यादेखत कोपरा गळून पडला.

"विनी, हा उद्योग कुणाचा गं?" म्हातारा आउट्रम ओरडला.

"माझ्या लेकीचा."

"हेस्टर आलीय?" त्याचा चेहरा असा फुलला, की मी हो म्हणून बसले.

आज चार वाजता तो केक घेऊन तुला भेटायला येतोय. मी तीन कप मांडलेत.

तुझा कोपरा उखडणारी,
आई