तेवढ्यात भिमाजी आला

निगडी प्राधिकरण,
१२ जानेवारी २०२५

आदरणीय कुसुमताई यांस,

सप्रेम नमस्कार. आपण पाठवलेले पार्सल आणि त्यातली चिठ्ठी गुरुवारी सुखरूप पोहोचली. पोच त्याच दिवशी द्यायला हवी होती. आज रविवार उजाडला, त्याबद्दल प्रथम क्षमा मागतो. आपली प्रकृती बरी असेल अशी आशा आहे. चाकणच्या बाजूला मोकळ्या रानामुळे थंडी आमच्यापेक्षा अधिक असणार. इथे आमच्या सौभाग्यवतींनी गच्चीवर ऊन खाण्याचा कार्यक्रम सुरू केला आहे आणि मलाही सक्तीने बसवतात.

डोहवाडीची खबर सांगतो, कारण दिवाळीनंतर आपण गावाच्या पानांवर फिरकलेल्या दिसत नाही. गणराजने तळवड्याच्या आपल्या ऑफिसात बसून गावाला नवीन विहीर खणून दिली. माणच्या एका मुलीने बोकडाच्या वाटणीवरून झालेल्या भांडणाचे फार सुंदर पान लिहिले. कुणीतरी महादेवाचे देऊळ ओढ्याच्या पलीकडे नेऊन ठेवले, ते दुसऱ्याने अलीकडे आणले, आणि आता चावडीवर, म्हणजे गावाच्या चर्चेच्या पानावर, दोन तट पडले आहेत. नेहमीसारखेच. जिथे कंपनी कधी आलीच नाही असे एक गाव आपण सगळ्यांनी मिळून इंटरनेटवर लिहायचे, आणि त्याच्या कुठल्याही पानावर कुणीही भर घालावी, कुणीही दुरुस्ती करावी, ही गणराजची कल्पना मला सुरुवातीला बेशिस्तीची वाटली होती. तरी मी त्या गावचा कोतवाल झालो, म्हणजे पानांची राखण करणारा. माझ्यासारख्याला राखणीचे काम लगेच आवडते.

आपण चिठ्ठीत भिमाजीविषयी एक अक्षरही लिहिलेले नाही. विचारले आहे ते फक्त स्वरूपाविषयी. आपले शब्द माझ्यासमोर आहेत: “कोतवाल भाऊ, ती स्वरूपा पोरगी म्हैना झाला बोलत न्हाई. मारुंजीला एकटी ऱ्हाती, आजारी तर न्हाई ना? तुमाला तिचा पत्ता ठावा आसंल. एवढी गोधडी तिला पोच करा. ह्यांचा सदरा हाय त्यात, पन दोनदा धुतल्याला हाय, तेवढं सांगा.”

स्वरूपा आजारी नाही.

एवढे उत्तर लिहून थांबता आले असते आणि ते खोटेही ठरले नसते. तीन दिवस मी त्याच वाक्यापाशी थांबलो होतो.

आधी भिमाजीचे सांगतो. आपल्याला ते ठाऊक आहे, परंतु माझ्या बाजूने ते कसे घडले हे ठाऊक नाही. आपण गावात आलात तेव्हा स्वतःचे वेगळे पान काढलेच नाही. दुसऱ्यांच्या पानांवर शेवटी एकेक ओळ घालत गेलात. कुणी जत्रेचे लिहावे, कुणी बारशाचे, कुणी गावात पहिला टीव्ही आला त्याचे, आणि खाली आपली ओळ असायची, ‘तेवढ्यात भिमाजी आला.’ कधी खांद्यावर वैरण, कधी हातात मेथीची जुडी, कधी नुसताच. सगळ्यांच्या मागून यायचा, पण यायचा. लोकांना त्याची सवय झाली होती. पान लिहून झाले की तो येईपर्यंत काहीजण वाट पाहत असत.

मला मात्र एवढेच दिसले की गावात वीज आली तेव्हा भिमाजी चाळिशीचा आहे आणि मोबाइल आला तेव्हाही चाळिशीचाच आहे. बी.कॉम. झाल्यापासून माझे आयुष्य कारखान्यांच्या हिशेब विभागात गेले. न जुळणारी गोष्ट समोर राहिली की मला जेवण गोड लागत नाही. हा आपण माझा दोष समजावा. मी आजवर त्याला गुण समजत आलो. मी चावडीवर लिहिले की कालगणना जुळवायची तर भिमाजीचा मृत्यू दाखवणे भाग आहे. गणराजने उत्तर दिले, “काका, गावाचं ऑडिट करताय का राव? आलेल्या माणसाला कशाला हाकलता?” मला त्याचा राग आला. वयाने लहान असलेल्याने सर्वांसमोर केलेली थट्टा मी सहसा विसरत नाही.

मृत्यूचा प्रसंग मीच लिहिला. दुष्काळाचे वर्ष निवडले. भिमाजीविषयी गावाला ठाऊक असलेली गोष्ट एकच, की तो येतो. म्हणून मी लिहिले, ‘त्या दिवशी दिवेलागण झाली, पण भिमाजी आला नाही.’ आणि त्यानंतरच्या सगळ्या पानांवरून त्याचे येणे काढून टाकले.

ते वाक्य मला फार आवडले होते. सौभाग्यवतींना वाचूनही दाखवले. हेही लिहून ठेवतो.

परंतु गावचा एक नियम आहे, तोही माझ्याच हातचा. कोणत्याही माणसाचा मृत्यू लिहायचा तर लिहिणाऱ्याखेरीज आणखी एका गावकऱ्याची संमती हवी. ती मिळेपर्यंत तो मजकूर कच्चा. मी आठवडाभर थांबलो. गणराज नाही म्हणाला होता, बाकी कुणी काही बोलले नाही. आपण तर नाहीच. मग एके दिवशी स्वरूपा नावाची नवी सदस्य गावात आली आणि तिने चावडीवर माझ्या प्रस्तावाखाली लिहिले, ‘उद्धवरावांचे म्हणणे योग्य वाटते. माझी संमती आहे.’

कुसुमताई, स्वरूपा मी आहे.

मारुंजीत तशी मुलगी नाही. निदान माझ्या ओळखीची नाही. ते नाव मी दुपारच्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी बसून घेतले आणि त्याच खुर्चीतून स्वतःच्या प्रस्तावाला संमती दिली. दोन नावे एकाच संगणकावरून येत आहेत का, हे पाहण्याची सोय कोतवालांना असते. डोहवाडीत कोतवाल दोनच, मी आणि गणराज. गणराजने पाहिले नाही. माझ्या बाबतीत ते पाहावे लागेल असे त्याच्या मनातच आले नाही. गावात कुणीही काहीही पुसू शकते, आणि तरी ते गाव इतकी वर्षे उभे आहे, ते लोकांच्या या न पाहण्यावर. हे मला तेव्हा कळायला हवे होते.

माझा हिशेब असा होता की काम झाल्यावर स्वरूपा गावातून निघून जाईल. परंतु दुसऱ्याच दिवशी आपण तिला खासगी निरोप पाठवलात. रागाने नाही. ‘तू नवी दिसतीस. जेवलीस का? भिमाजी तुला का आवडला न्हाई?’ एवढेच. एका ओळीचे उत्तर देऊन प्रकरण मिटवावे असे मी ठरवले आणि एका ओळीवर थांबलो नाही. आपण विचारत गेलात, मी सांगत गेलो. भाड्याची खोली, गार फरशी, सकाळी कोरडी पोळी खाऊन कामावर जाणे, सणाला गावी जाता न येणे. खोटेपणा कमी व्हावा म्हणून सांगत नाही, पण हे सगळे मी मनाने रचलेले नव्हते. बार्शीहून प्रथम आलो तेव्हा आकुर्डीत मी ज्या खोलीत राहिलो, तिची ती फरशी. गेल्या तीसेक वर्षांत ते मला कुणी विचारले नव्हते, आणि उद्धवरावांना कुणी विचारलेही नसते. मुलीच्या नावाआड बसून मी आपली माया घेत राहिलो. सकाळी ऑफिसात पोहोचल्यावर मी आधी स्वरूपाला काही आले आहे का ते पाहत असे.

आणि मग मार्गशीर्षात आपण तिला ते लिहिलेत. मी ते पुन्हा उतरवतो, कारण मी ते वाचले आहे हे आपल्याला माहीत असले पाहिजे. “आमचं मानूस सेकंड शिफ्ट सुटल्यावर निघालं आन घरी आलंच न्हाई. रस्त्यात कंटेनर व्हता. म्या ताट वाढून बसले व्हते. म्हनून डोहवाडीत म्या त्येला रोज घरी आनत व्हते. तुला ठावं नव्हतं बाय, तू मनाला लावून घिऊ नगंस.”

आपण माझेच सांत्वन केलेत. ज्याने ‘भिमाजी आला नाही’ असे लिहिले आणि त्या वाक्याची घरात वाखाणणी करून घेतली, त्याचे.

त्या दिवसानंतर स्वरूपाला काही लिहिता आले नाही. उद्धवलाही नाही. आपल्याला क्षमा मागायची तर ही गोष्ट मला कळली कशी हे सांगावे लागणार होते, आणि ते सांगितले की स्वरूपा जाणार. आपला नवरा मी एकदा तिकडे मारला. आता आपली एक मैत्रीणही माझ्या हातून जाणार, असे म्हणून मी गप्प राहिलो. गप्प राहण्याला मी दया असे नाव दिले. खरे कारण भीती होती.

मग पार्सल आले. मी कामावर असताना सौभाग्यवतींनी ते उघडले आणि गोधडी दिवाणावर पसरून ठेवली. संध्याकाळी घरात शिरताच प्रथम दिसला तो मधोमध लावलेला करड्या कापडाचा तुकडा आणि त्यावर तसाच ठेवलेला खिसा. कंपनीचा सदरा. खिशाच्या कडेला आपण पुन्हा बारीक टाके घातले आहेत, उसवू नये म्हणून.

“ही स्वरूपा कोण?” आमच्या सौभाग्यवतींनी, इंद्रायणीने, विचारले. मी डोहवाडीची एक सदस्य म्हणून सांगितले. ती म्हणाली, “मग पत्ता द्या, उद्याच पोचवून येऊ. मारुंजी काय लांब आहे?” पत्ता नव्हताच, तेव्हा सांगायला सुरुवात केली. सगळे सांगून झाल्यावर ती ओरडली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, “तुम्हाला बाई व्हावंसं वाटलं, त्याचं मला काही नाही. पण त्या बाईला तुम्ही कुणाची गोधडी शिवायला लावलीत?” मग तिने ती घडी करून कपाटात ठेवली, आणि रोज सकाळी न चुकता काढून उन्हात घालते. घरात तिला कुणी अंगावर घेतलेले नाही. परत पाठवली तर आपली माया झिडकारल्यासारखे होईल, आणि ठेवून घेतली तर चोरल्यासारखे. आपण सांगाल तसे करीन. सांगाल तर स्वतः आणून देईन. दाराशी उभा राहीन. आत बोलावण्याची अपेक्षा नाही.

आता नियमाचे. संमती देणारी व्यक्ती अस्तित्वातच नसेल तर संमती नाही, आणि संमती नसेल तर मृत्यू कच्चा. म्हणजे नियमाप्रमाणे भिमाजी मेलेलाच नाही. हे मी पळवाट म्हणून सांगत नाही. तीन दिवस सर्व बाजूंनी तपासले आहे. डोहवाडीत पुसलेले काहीच नाहीसे होत नाही, प्रत्येक पानाच्या मागे त्याची आधीची रूपे शिल्लक असतात. आपल्या सगळ्या ओळी तिथे आहेत. कोतवाल म्हणून एका कळीसरशी मी त्या परत आणू शकतो. काल बोट त्या कळीवर ठेवले होते. मग विचार आला की भिमाजीने कधी यायचे हे पुन्हा मीच ठरवतो आहे, आणि बोट काढून घेतले. त्या ओळी परत आणणे किंवा न आणणे हा अधिकार आपला आहे. परत कधीच फिरकू नये असे वाटले तर तोही आपलाच.

हे पत्र आपल्या हाती पडल्यावर मी चावडीवर माझ्या नावाने सर्व हकीगत लिहिणार आहे. आपण स्वरूपाला सांगितलेले त्यात नसेल. ते माझे नाही. राखणीचे काम गणराजकडे देत आहे. तो काय म्हणेल ते ऐकून घेईन. आधी आपल्याला कळावे, चावडीवर वाचून कळू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. आणि फोन न करता पत्र लिहिले, कारण कागदावर लिहिलेले मला मागाहून दुरुस्त करता येणार नाही. वर दोन ठिकाणी खाडाखोड झाली आहे, ती तशीच राहू दिली आहे.

एक गोष्ट मात्र आपल्याला न विचारता केली. गावात माझे एकच स्वतःचे पान आहे, मास्तरांच्या घराचे. आपण ते वाचले असेल. दिवेलागण होताच मास्तर दाराला कडी घालतात, कुणी उशिरा आले तर उघडत नाहीत, असे मी मोठ्या कौतुकाने लिहिले होते. आज सकाळी ते वाक्य बदलले. आता तिथे असे आहे, ‘मास्तरांनी ताटे वाढली. दाराला कडी घातली नाही.’

पान तिथेच थांबवले आहे. पुढे मी काही लिहिणार नाही.

आपला अपराधी,
उद्धव गाडेकर

ता. क. मारुंजीच्या त्या मुलीने आपल्याला शेवटी विचारले होते, ‘तुम्ही जेवलात का?’ तो प्रश्न माझा होता.