चौथ्या पानावरचा मजकूर

शनिवार, दुपार

प्रिय रेडिओ,

एवढंच लिहून पेन खाली ठेवलं होतं. हे नाव तुला बाबांनी दिलं, कारण तू झोपेतसुद्धा बोलायचीस आणि तुझं बंद करायचं बटण कुठे आहे ते घरात कुणालाच सापडत नव्हतं. ऑपरेशननंतर मी हे नाव घेणं सोडून दिलं. मागच्या पत्राखाली तूच सही केलीस, ‘तुझीच, बंद पडलेला रेडिओ’. ते वाचून मी ओट्याला टेकून आधी हसले आणि मग दूध उतू जाईपर्यंत तिथेच उभी राहिले. तर तुझी परवानगी आहे असं धरून चालते.

आपल्या हॉलची खबरबात तुला हवी असते, म्हणून आधी ती सांगते. पुढच्या शनिवारी वसंत महोत्सव सुरू होतोय. बाहेरच्या झाडांना पालवी फुटलीय आणि सुतारकाकांना नेहमीप्रमाणे राग फुटलाय. चित्रं टांगायच्या फळ्या उभ्या करताना ते दर पाच मिनिटांनी म्हणतात, “बाई, हे माझं शेवटचं वर्ष.” तू इथे होतीस तेव्हापासून त्यांचं शेवटचं वर्ष चालू आहे. यंदा पहिल्या दालनात निवृत्त ड्रॉइंग मास्तरांची जलरंगातली चित्रं आहेत. एकूण एक्केचाळीस, आणि सगळी एकाच पुलाची. मी हळूच म्हटलं, सर, दोन-चार कमी केली तर? तर म्हणाले, “पूल एकच आहे हो, पाणी वेगळं आहे.” आता पाण्याशी कोण वाद घालणार. दुसऱ्या दालनात सरकारी दवाखान्यातल्या एका परिचारिकेने कोळशाने काढलेले रुग्णांचे हात आहेत, नुसते हात. तिथे मात्र सुतारकाकासुद्धा हातोडी खाली ठेवून गप्प उभे राहिले होते. दुसऱ्या रविवारी काव्यवाचन. आपले पोस्टमन-कवी याही वर्षी ‘ही शेवटची’ म्हणून आणखी चार कविता वाचणार, म्हणून अध्यक्षांनी त्यांना मुद्दाम यादीत तळाला टाकलंय. म्हणजे हॉल बंद व्हायची वेळ तरी त्यांना आवरेल. दोन पात्रांचं नाटक आहे त्यातली दोन्ही पात्रं तीन आठवडे एकमेकांशी अबोला धरून आहेत. दिग्दर्शक खूश आहे, नाटक अबोल्यावरच आहे.

आणि तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी तुझ्या कविता.

तू लिहितेस हे कुणाला ठाऊक होतं? मला कळलं ते तुझ्याकडे आले होते तेव्हा, तुझ्या बोलायच्या वहीतून. ‘साखर संपली’, ‘दार लोटून घे’, ‘छोटीला ताप नाही ना’, आणि त्यांच्या मधे, तितक्याच घाईच्या अक्षरात, चार-चार ओळी. मी पान उलटायला लागले तर तू वही ओढून घेतलीस. महिना-दीड महिना मी पत्रांतून तुझ्या मागे लकडा लावला, तेव्हा कुठे तेवीस कविता आल्या आणि सोबत एक अट आली, की त्या ताईनेच वाचायच्या. तीस वर्षं मी विंगेत काढली. पडदा ओढला, नटांना हाका मारल्या, तुझ्या साडीला ऐनवेळी टाचण्या लावल्या. समोर कधी उभी राहिले नाही. आता रोज सकाळी कपाटाच्या आरशासमोर उभं राहून तुझ्या कविता म्हणते. परवा शेजारच्या आजोबांनी विचारलं, घरात कुणी पाहुणे आलेत का. बावीस कविता जमल्या आहेत. एक जमत नाही. कुठली ते तुला कळलं असेल.

छोटी येणार म्हणून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. तू लिहिलंयस, तिला ‘आई बोलायची ती जागा’ बघायची आहे. सात वर्षांची झाली ना आता? त्या वसंतात ती वर्षाची होती. मेकअपच्या खोलीत टोपलीत झोपायची आणि तू रंगमंचावरून पहिलं वाक्य टाकलंस की डोळे उघडायची. तिला यातलं काही आठवत नाही हे तू किती सहज लिहून टाकतेस. मला ते वाक्य सहज वाचता आलं नाही.

ते वर्ष तुला कसं आठवतं, मला माहीत नाही. आपण त्यावर कधी बोललोच नाही, आणि नंतर बोलणं तुझ्या हातात राहिलं नाही. मला सगळं तारीखवार आठवतं. नगरपालिकेने हॉल मोडीत काढून तिथे गोदाम करायचं ठरवलं होतं. शेवटची संधी म्हणून तो महोत्सव होता. लोक आले, हॉल भरला, तर फेरविचार करू, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं. आणि भरवणार कोण, तर तू. तुझा एकपात्री प्रयोग, पावणेदोन तास. थंडी सरत आली तेव्हाच तुझा आवाज बसायला लागला होता. पत्र्यावर खिळा ओढावा तसा एक बारीक आवाज तुझ्या आवाजाखालून यायचा. तू गरम पाणी प्यायचीस, तालमीत अर्ध्या आवाजात म्हणायचीस, आणि ‘काही नाही गं, जास्त बडबड झाली’ म्हणून मला गप्प करायचीस. प्रयोगाच्या दिवशी, म्हणजे महोत्सवाच्या शेवटच्या दिवशी, खुर्च्या कमी पडल्या. लोक पायऱ्यांवर बसले. शेवटच्या प्रवेशात तुझा आवाज चिरत गेला आणि लोकांना वाटलं हा अभिनय आहे. वर्तमानपत्रात लिहून आलं, ‘त्या चिरत जाणाऱ्या स्वराने काळजात घर केलं.’ ते कात्रण आईने भिंतीवर लावलं होतं. हॉल राहिला. महोत्सव संपला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी तुला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आरसा घालून घसा बघितला आणि लगेच पुढच्या तपासणीची चिठ्ठी लिहिली.

त्याच्या आधीही एक तारीख ठरलेली होती, प्रयोगाच्या सात आठवडे आधीची. डॉक्टर बाहेरगावी गेले म्हणून ती हुकली. आई ते कधी विसरली नाही. नेमकं गरजेच्या वेळी हा माणूस गावाला जाऊन बसला, म्हणून तिने त्यांचं नाव टाकलं. तुझं ऑपरेशन झालं त्या महिन्यात तिने भर बाजारात त्यांना गाठलं आणि चारचौघांत नाही नाही ते बोलली. ‘माझ्या लेकीचा आवाज तुम्ही खाल्लात’ असं म्हणाली. मी तिथेच होते, पिशवी धरून. डॉक्टरांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. आईचा शेवटचा ताप आला तेव्हासुद्धा तिने त्यांना घरात येऊ दिलं नाही, दुसऱ्यांना बोलवायला लावलं.

गुरुवारी ते हॉलवर आले होते. त्यांच्या पत्नीने उतारवयात रंग हातात घेतलेत, तिची तीन चित्रं यंदा लावतोय. जुन्या चादरीत गुंडाळून त्यांनी ती स्वतः उचलून आणली. थकलेत आता. मी पावती लिहीत होते, वर बघायचं टाळत होते. त्यांनी विचारलं, “बहीण कशी आहे?” मी तुझ्या कवितांचं सांगितलं. ते भिंतीवरच्या कार्यक्रमपत्रिकेजवळ गेले, चष्मा वर करून तारीख बघितली, खिशातल्या डायरीत लिहून घेतली. मग म्हणाले, “मी आलो तर त्यांना त्रास होईल का हो? मी दिवे गेल्यावर आत येईन. मागच्या रांगेत बसेन. दिवे लागायच्या आत निघून जाईन.” मी म्हटलं, या ना. एवढंच म्हटलं. ते चादरीची नीट घडी करून, ती काखेत मारून पायऱ्या उतरून गेले. मी सुतारकाकांना सांगितलं, डोकं दुखतंय, आणि घरी आले.

घरी टेबलावर तुझं पाकीट येऊन पडलं होतं. कार्यक्रमाची पुस्तिका छापायला जायची आहे, त्यात चौथ्या पानावर कवयित्रीचे दोन शब्द, ते तू पाठवलेस. मुद्रितं तपासायचं काम माझंच. पहिले दोन परिच्छेद वाचले, एक वेलांटी बदलली. मग तिसरा आला. ‘मी घशाकडे दुर्लक्ष करत होते. माझ्या ताईने मला हाताला धरून वेळेवर डॉक्टरांकडे नेलं नसतं, तर या कविता लिहायला मी उरले नसते. माझा आवाज गेला, पण मी राहिले ती तिच्यामुळे. हा संग्रह तिचा.’ जी कविता माझ्याच्याने वाचवत नाही तिच्यातही तू हेच म्हणतेस ना, की सगळं गेलं तेव्हा एक हात हातात होता. दोन दिवस झाले, तो कागद टेबलावर तसाच आहे. छापखान्याच्या मालकांनी दोनदा फोन केला, पहिल्यांदा प्रेमाने आणि दुसऱ्यांदा जरा कमी प्रेमाने.

आता लिहिते. डॉक्टर त्या दिवशी बाहेरगावी गेलेच नव्हते. तुझी पहिली तारीख मी रद्द केली. बुधवार होता, तू तालमीला गेली होतीस, मी हॉलच्या ऑफिसमधून दवाखान्यात फोन केला आणि सांगितलं की महोत्सव झाल्यावर येऊ. तुला घरी येऊन सांगितलं, डॉक्टर गावाला गेलेत. मला भीती होती की ते तुला महिनाभर बोलू नको म्हणतील, प्रयोग जाईल आणि हॉल जाईल. घसाच तर बसलाय, सात आठवड्यांनी काय होतंय, असं मी स्वतःला समजावलं. आणि खरं सांगायचं तर हॉलइतकंच मला हेही हवं होतं की भरलेल्या हॉलमध्ये माझी बहीण उभी असावी आणि ते मी विंगेतून बघावं. तपासणीचा निकाल आला त्या दिवशी डॉक्टरांनी मला एकटीला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं, सात आठवडे आधी कदाचित किरणांवर भागलं असतं, स्वरयंत्र कदाचित काढावं लागलं नसतं. त्यांच्या वहीत फोनची नोंद होती. “तारीख तुम्हीच पुढे ढकललीत ना?” एवढंच विचारलं. मी मान हलवली. त्यानंतर त्यांनी ते कधी तोंडातून काढलं नाही, ना तुझ्याजवळ, ना बाजारात आईसमोर. आईने त्यांना जे ऐकवलं ते माझ्या वाट्याचं होतं, आणि आई जाईपर्यंत मी तिला ते सांगितलं नाही. सहा वर्षं मी त्या ‘कदाचित’ला धरून राहिले, की कदाचित काहीच वेगळं झालं नसतं. पण तुझा तिसरा परिच्छेद छापला गेला, तर ते खोटं मी तुझ्या अक्षरात, तुझ्या नावाखाली, हॉलभर वाटणार. ते माझ्याकडून होणार नाही, म्हणून हे पत्र. उद्या सकाळी मी डॉक्टरांच्या घरी जाणार आहे, आणि मागच्या रांगेतली जागा त्यांची नाही, माझी आहे, हे त्यांना सांगणार आहे. माझ्या हातून तुझ्या कविता वाचल्या जाव्यात का, हे तू ठरव. परिचारिकाबाईंचा आवाज चांगला आहे, त्यांना मी विचारून ठेवलंय, कारण सांगितलेलं नाही. माफ कर असं लिहिणार होते, दोनदा लिहून खोडलं, कारण तू कागदावर उत्तर देणार आणि मी ते आवाजाशिवाय वाचणार, हेसुद्धा माझंच केलेलं आहे. छोटीला काय सांगायचं तेही तुझ्यावर सोडते. तिच्यासमोर उभी राहायला मी तयार आहे. छापखाना शुक्रवारपर्यंत थांबेल. चौथ्या पानासाठी नवा मजकूर पाठव, जुनाच ठेव म्हणालीस तर ते मला जमणार नाही, पण बाकी तू जे लिहिशील, माझ्याबद्दल जे काही लिहिशील, ते मी काना-मात्रा न बदलता छापीन.

‘तुझीच’ लिहायचा हक्क तुझ्या उत्तरावर, तोवर नुसतीच,

ताई