मांजरेच्या डोहात न गेलेला अंगठा

प्रिय आबा,

आज सकाळी धाकटे काका बैलगाडी घेऊन दारात आले होते. तुमचे ते तीन दगड मांजरा नदीच्या डोहात सोडायला! हे तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला?

"खंडित मूर्ती घरात ठिवली, म्हनून दादा गेला," शेजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले. "मोडकी मूर्त पान्यात सोडायची असती, समद्या गावाला ठावं हाय." तहसील कचेरीतले पेशकार ते, हुकूम सोडायची सवयच! तुम्ही तापानं गेलात, आबा. घागरीएवढ्या संगमरवरी अंगठ्यानं ताप येतो का हो?

हैदराबादच्या नवाबसाहेबांची तसबीर तुम्ही काढलीत. त्यांनी खूश होऊन रोमहून आणलेले हे तुकडे तुम्हाला दिले. कुठल्याशा जुन्या, अवाढव्य पुतळ्याचे. पायाचा अंगठा, अर्धा कान आणि एक बोट. केजच्या घरी गाडीतून ते उतरवताना आईनं कपाळाला हात लावला होता. "लोकं हैदराबादेहून पैठणी आनतेत, आन् तुमी दगडं!"

मला तुम्ही त्याच दगडांवर चित्रकला शिकवलीत. नखावरून उजेड कसा सरकतो ते दुपारभर बघायचं, सुतळीनं मापं घ्यायची, कोळशानं काढायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. एवढ्या अंगठ्याचा माणूस केवढा असेल? "आपल्या लिंबाएवढा," तुम्ही म्हणायचात, आणि मी अंगणातल्या कडुनिंबाच्या शेंड्याकडे बघत राहायचे.

त्या बोटावरून मात्र आपलं भांडण झालं. तुम्ही ते हाताचं म्हणायचात. मी ते उलटं करून दाखवलं. खालची बाजू सपाट, छिन्नीचे घाव तसेच. हाताचं बोट खालून असं खडबडीत कोण सोडेल? ते जमिनीला टेकलेलं होतं, म्हणजे पायाचं! तुम्ही ते पुन्हा सुलटं करून ठेवलंत. पुढे हैदराबादचे चित्रकार आले, तेव्हा हाच शोध तुम्ही स्वतःचा म्हणून सांगितलात. मी आत चहा गाळत होते, सगळं ऐकलं. तेव्हा गप्प बसले, आता बसणार नाही. असं का केलंत, आबा?

आज काकांच्या माणसांनी अंगठ्याला दोर बांधला, तेव्हा मी त्या अंगठ्यावरच जाऊन बसले.

"कावून आडवी येती गं? देवाधर्माचं तुला काय कळतंय?" काका ओरडले.

"मग सांगा ना, कुठला देव हा? याची प्राणप्रतिष्ठा कुणी केली? नाव सांगा, मी स्वतः डोहापर्यंत येते."

काका आईकडे वळले. "वहिनी, पोरीला आवरा."

आई पदर सावरत पुढं आली. मला वाटलं, झालं! या दगडांचा तिला केवढा राग! पण ती म्हणाली, "मला ही दगडं कदीच आवडली न्हाईत, भावजी. पर तेंनी जीव लावलाय तेंच्यावर. आमच्या घरातून न्हाई जायची."

तिनं स्वतःच्या हातानं दोर सोडला. गाडी रिकामी परत गेली. जाताना काका बजावून गेलेत, अमावस्येनंतर चार भाऊबंद घेऊन येतो म्हणून.

येऊ देत! ते गेल्यावर मी चुन्याची बादली घेतली आणि अंगठ्याच्या मापावरून अख्खं पाऊल अंगणात काढलं. उंबऱ्यापासून थेट तुळशीपर्यंत गेलं ते. पाणी भरून येणाऱ्या बायका थबकल्या, आणि मग एकेक जण कडेनं वळसा घालून गेली. कुणी त्यावर पाय दिला नाही.

आबा, शब्द देते. हे तुकडे हलणार नाहीत आणि माझा हात थांबणार नाही. उद्या पोटरी काढायला घेते, मग गुडघा. अंगणात मावणार नाही हे मला ठाऊक आहे. रस्ता आहे, पुढे कचेरीचं पटांगणही आहे.

तुमचीच,
गोदा