खाण्याआधीचा वॉल्ट्झ

वॉम्बा क्रीक
४ जून १९६१

ती. सौ. विनीताईस, डोरीचा सा. न. वि. वि.

अगं, काल आमच्या हॉलमध्ये ‘नदीपल्याडची ॲडी’ सिनेमा लागला, नवा, रंगीत! शाळेत आपण जे नाटक केलं होतं, तू ॲडी आणि मी मेंढी, तेच. काय वाट लावलीये मेल्यांनी! ॲडी खाण्याआधीचा वॉल्ट्झ नाचते मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टॉमबरोबर, आणि केक खायला जाते जमीनदाराचा हात धरून! अख्खा हॉल उभा राहून ओरडला. त्या वॉल्ट्झचा जोडीदारच खायला नेतो, हे माझ्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे. जुन्या काळ्यापांढऱ्या सिनेमात कसं, दोघं नाचतात, एकत्र चहा पितात, की गावाला कळतं लग्न ठरलं. इथे टॉम गुडघ्यावर बसून भाषण ठोकतो!

शेजारी आल्फ बसला होता. हो, तोच, लोकर कातरणारा. वॉल्टर जाऊन, मी विधवा होऊन बरीच वर्षं झाली, ताई; एकटीसाठी स्वयंपाक करवत नाही आता. शनिवारी नाच आहे आणि सोमवारी आल्फ उत्तरेला कामावर जातो. त्याने वॉल्ट्झला विचारलं तर ठीक, नाहीतर कसलं काय.

लोभ आहेच, आणखी वाढव.

तुझी,
डोरी

मेलबर्न
७ जून

चि. डोरीस अनेक आशीर्वाद.

वेडाबाई, नवा सिनेमा मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा रडले. वॉल्ट्झचं चुकलं, कबूल. पण हा टॉम तोंड तरी उघडतो! जुन्यातला म्हणजे नुसता खांब. बाईने काय जन्मभर अंदाज करत बसायचं? आल्फ आलाच तर स्पष्ट सांग, आधी बोल, मग नाच. हे म्हणतात की डोरीला मुका नवराच बरा, ती दोघांचं बोलेल. मी लक्ष दिलं नाही.

निळा झगा घाल. घाबरू नकोस, मी आहे.

तुझी,
ताई

वॉम्बा क्रीक
११ जून

ती. ताईस सा. न.

तुझ्या सल्ल्याला आग लागो! आल्फ आला. मी म्हटलं की आधी बोल. बिचारा टोमॅटोसारखा लाल झाला आणि, देवा रे, नव्या टॉमसारखा गुडघा टेकायला गेला. जमिनीवर नाचासाठी मेण घासलेलं! गडी जो सुसाट घसरला तो थेट पियानोपाशी, आणि डोळे मिटूनच म्हणाला की माझ्याशी लग्न कर. पियानोवर कोण? आपल्या शाळेतल्या म्हाताऱ्या ग्रिबलबाई! त्यांनी वाजवणं थांबवून सांगितलं की विचार करून कळवते.

लोक हसून लोळले. आल्फ मात्र टोपी घेऊन दाराकडे निघाला. हा आता उत्तरेहून परत कसला येतोय! धावले, भर हॉलमध्ये त्याचा हात धरला आणि बाईंना वॉल्ट्झ वाजवायला सांगितला. आल्फ एक अक्षर बोलला नाही. नाच संपल्यावर मला खायला नेलं आणि केकचा मोठा तुकडा माझ्या बशीत ठेवला. मग काय टाळ्या! लग्न सप्टेंबरात. ताई, मला हसू आवरत नाहीये.

तुझी,
डोरी

मेलबर्न
१४ जून

चि. डोरीस खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं आणि विचारलं की मला मागणी घालताना तुम्ही काय बोलला होतात हो? वर्तमानपत्राआडून उत्तर आलं की काहीच नाही, वॉल्ट्झ नाचलो होतो की. आणि खरंच गं, काहीच नव्हते बोलले! मीच आजवर सगळ्यांना त्या मागणीची मोठी कहाणी रचून सांगत आले.

संध्याकाळी चहा घेताना ह्यांनी गुपचूप केकचा मोठा तुकडा माझ्या बशीत सरकवला. नव्या सिनेमाला रडले नव्हते इतकी रडले. जुनाच सिनेमा खरा, बाई.

आल्फला माझे आशीर्वाद. लग्नाला आम्ही दोघं येतोच.

तुझी,
ताई

ता. क. ग्रिबलबाईंना आधी विचार. त्यांचं उत्तर अजून यायचं आहे.