ढवळवाडीला पाठवलेला दुखवटा

॥ श्री विठ्ठल प्रसन्न ॥

मी नागनाथ आश्रुबा पतंगे, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा शिलाई, राहणार खैरी, तालुका सोनपेठ, जिल्हा परभणी, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आठवड्यातून दोनदा परभणीला जाऊन रक्त शुद्ध करून घ्यावे लागते. शरीर थकले असले तरी डोके शाबूत आहे. ते थोडे कमी शाबूत असते तर रात्री सोप्या गेल्या असत्या. कोणी मला धाक घातलेला नाही किंवा फूस लावलेली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि पुन्हा करण्याइतका वेळ दिसत नाही. माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावे.

१. वेशीजवळचे दोन खोल्यांचे पत्र्याचे घर व त्यापुढचे शिलाईचे दुकान माझी पत्नी पार्वतीबाई हिला द्यावे. ती आहे तोवर आमचा मुलगा रविकांत याने ते विकू नये. रविकांत, तू पुण्याला कंपनीत आहेस, चांगले आहे. पण आईला तिकडे नेऊन तिसऱ्या मजल्यावर ठेवू नकोस. दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "कुठं निघालीस गं?" असे विचारल्याशिवाय तिला जेवण जात नाही. पोस्टात जे काही आहे तेही तिचेच.

२. शेत एक एकर दहा गुंठे. ते रविकांतला. माझा धाकटा भाऊ दत्तराव याने बांध दीड हात आत सरकवला आहे. मी टेपने मोजला आहे, त्यामुळे दत्तरावने शपथा घेऊ नयेत. तेवढी जमीन मी त्याला सोडली. सोडली म्हणजे मन साफ झाले असे नाही, भांडायला अंगात जोर उरला नाही इतकेच. रविकांतने त्यावरून कोर्टाची पायरी चढू नये.

३. दुकानात लोकांची अकरा कापडे न शिवता पडली आहेत. प्रत्येकाला नावाची चिठ्ठी टाचली आहे. ती घरोघर जाऊन परत द्यावीत. निळ्या पँटचे कापड मी चुकीचे कापले. त्या गिऱ्हाइकाला नवे कापड घेऊन द्यावे आणि चूक माझी होती हे सांगावे.

४. लोखंडी पेटीत एक माईक आहे. कबड्डीचे सामने पंचवीस वर्षे बोलून दाखवले म्हणून खैरीच्या क्रीडा मंडळाने तो मला दिला. तो मंडळाला परत करू नये, कोणाला वापरायलाही देऊ नये, फोडून टाकावा. याचे कारण लिहिणे भाग आहे, कारण त्याशिवाय पाचवे कलम कोणाला समजणार नाही.

ओढ्यापलीकडे ढवळवाडी हे गाव आहे. माघातल्या महादेवाच्या जत्रेतली कबड्डीची ढाल त्यांनी ओळीने नऊ वर्षे नेली. त्यांच्या मंडळाचा अध्यक्ष गोपाळ व्यंकटराव नागरगोजे हा माझा शाळासोबती, सातवीपर्यंत एका बाकावर बसलेला. त्याचा मुलगा भारत चढाईला निघाला की आमच्या गावचे लोकसुद्धा बघायला उठून उभे राहत.

पुढे ढवळवाडीची पोरे ऊसतोडीला जाऊ लागली. दिवाळी झाली की गावात म्हातारी माणसे आणि कुत्री उरत. भारतचे लग्न झाले आणि तोही बायकोसोबत जोडीने, म्हणजे एका कोयत्यावर, जाऊ लागला. जत्रेच्या वेळी त्यांचे सगळे खेळाडू कुठल्या तरी कारखान्याच्या फडात असत. दोन वर्षे त्यांच्या संघाला एकही सामना जिंकता आला नाही. तिसऱ्या वर्षी, म्हणजे मागच्याच्या मागच्या माघात, गोपाळने बैलजोडी विकली आणि जत्रेपुरते चार गडी बाहेरून विकत आणले.

हे मला माहीत होते, कारण त्यांच्या बनियन माझ्याकडे शिवायला आल्या होत्या. माप देताना हात वर करून उभे राहिले की माणूस मोकळा होतो आणि बोलतो. ते शिंप्याने ऐकायचे आणि तिथेच टाकायचे. माझ्या वडिलांनी कात्री हातात देण्याआधी मला हे शिकवले होते. गोपाळने कोणत्या गड्याला किती दिले ते सांगितले आणि म्हणाला, "नाग्या, घरात बी म्हाईत न्हाई. चारा परवडंना म्हनून बैलं इकली आसं सांगितलंय."

बैलांचे तेवढे सोडले, गड्यांचे भाव मी माईकवरून सगळ्या जत्रेला सांगितले.

"मंडळी, हा जो गडी आत्ता चढाईला आला, हा पंधरा हजाराचा हाय! तीन चढाया, एक गुण. गुण केवढ्याला पडला, घरी जाऊन हिशेब करा!"

आमची पोरे ओरडू लागली. "पावती हाय का ओ अध्यक्ष? बदलून मिळंल!" दुसरा म्हणाला, "ह्याच्यापरीस सोनपेठच्या बाजारात गोऱ्हा आला आसता की!" लोक हसून हसून खाली बसत होते. मला चेव आला. मी म्हणालो, "ढवळवाडीचे वाघ गेले फडात, अन् मैदानात आनली भाड्याची मांजरं!" त्या दिवशी ते एकवीस गुणांनी हरले. मैदानात माईक बंद केल्यावरही लोक माझे वाक्य एकमेकांना ऐकवत होते. मला ते गोड लागत होते. हे मी देवाला साक्षी ठेवून लिहितो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा उरलेला एक सामना होता. आमच्याकडे कोणाचे माणूस गेले की सोयरे दुखवट्याची टोपी घेऊन जातात आणि घरच्या कर्त्याच्या डोक्यावर ती घालतात. मी पहाटे उठून पांढऱ्या मांजरपाटाच्या आठ टोप्या शिवल्या. सात खेळाडूंच्या आणि एक अध्यक्षाची. ढवळवाडीचे मंडळ वारले, त्याचा दुखवटा. ही कल्पना पोरांची होती असे मी दीड वर्ष सांगत आलो. ती माझी होती. पोरांनी फक्त ताट धरले.

गोपाळ खुर्चीवर बसला होता. मी टोपी घेऊन गेलो तेव्हा त्याने मान पुढे केली आणि म्हणाला, "घाल बाबा. तुझ्या हातची हाय, मापात बसंल." लोक टाळ्या वाजवत होते. त्याच वेळी त्याचा फोन वाजला.

आदल्या दिवशीचा सामना आमच्या एका पोराने मोबाइलवरून थेट दाखवला होता. कोल्हापूरकडच्या फडात, पाचटाच्या कोपीबाहेर बसून भारतने तो पाहिला. त्याची बायको शिवकन्या हिने पुढे पार्वतीबाईला सांगितले की आधी तो हसत होता. भाड्याच्या मांजरांचे ऐकल्यावर उठला, मोटारसायकल काढली आणि म्हणाला, "बापूला फोन कर. म्हनावं, नागनाथकाकाला सांगा, वाघ निघालाय." घरापासून चाळीस किलोमीटरवर रस्त्यात बंद पडलेला ट्रक उभा होता. भारत सत्तावीस वर्षांचा होता.

गोपाळने डोक्यावरची टोपी काढली नाही. तीच घालून त्याने मुलाला अग्नी दिला. तेराव्याला सोयऱ्यांनी आणलेली टोपी त्याने घेतली नाही, म्हणाला, "माझ्या डोक्यावर हाय." मी गर्दीत मागे उभा होतो.

त्यानंतर मी माईक धरलेला नाही. हरिपाठ सोडलेला नाही, पण त्यात पूर्वीसारखे काही होत नाही. ओठ म्हणतात. देवापुढे उभे राहिले की काय मागावे ते सुचत नाही. भारतसाठी मागावे तर कोणत्या तोंडाने, आणि स्वतःसाठी मागावे तर कशाला? मला झालेले दुखणे ही शिक्षा आहे असे गावात काही जण बोलतात. तसे असते तर मला बरे वाटले असते. डॉक्टर म्हणतात, रक्तदाब होता, गोळ्या वेळेवर घेतल्या नाहीत. एवढेच.

५. माझे पायमशीन, मोठी कात्री, काजे करायचा पाय, इस्त्री आणि कपाटातले सर्व दोरे शिवकन्या भारत नागरगोजे, राहणार ढवळवाडी, हिला द्यावेत. भारत गेल्यावर ती गेल्या हंगामात पुन्हा फडात गेली, पाठीशी दीड वर्षांचे लेकरू बांधून. हातात शिलाई आली तर तिला गावातच दोन घास मिळतील आणि कोयता सुटेल. मी हे जिवंतपणी देऊ केले होते. गोपाळ दारातूनच म्हणाला, "तुझ्या मशीनीचं शिवलेलं पुरं झालं आमाला." त्याचे बरोबर आहे. म्हणून मी मेल्यावर द्यावे असे लिहितो. मेलेल्या माणसाला नाही म्हणणे जड जाते, असा माझा हिशेब आहे. तो चुकीचा असू शकतो. माझे हिशेब चुकलेले आहेत. हा कागद झाल्याचा निरोप मी आज गोपाळला पाठवला आहे आणि शिवकन्येने यंदा फडात जाऊ नये, एवढे कळवले आहे.

६. माझ्या दहाव्याला भाषण ठेवू नये. "हसतमुख व्यक्तिमत्त्व" असा फ्लेक्स लावू नये. रविकांतने दुखवट्याची टोपी कोणाकडूनही घेऊ नये, डोक्याला रुमाल बांधावा.

७. या कागदाप्रमाणे सर्व करण्याची जबाबदारी माझे मित्र, गावच्या वाचनालयाचे सिद्धोधन यांच्यावर सोपवतो. ते आमच्या मंडळाचे सभासद असूनही त्या सकाळी एकटेच म्हणाले होते, "नागनाथराव, टोप्या नका नेऊ. हे काही खेळातलं नाही." मी त्यांना म्हणालो होतो, "तुमाला गंमत कळत न्हाई." 

पंचवीस ऑक्टोबर रोजी एवढे लिहून झाले.

पुरवणी. आज सत्तावीस तारीख, सोमवार. दुपारी गोपाळ आला. आत ये म्हणालो तरी उंबऱ्यातच उभा राहिला. पार्वतीबाईने पाणी दिले, ते त्याने तसेच हातात धरले.

"साक्षीला कोन कोन हाय?"

"सिद्धोधन हायेत. दुसरं कुनी ठरलं न्हाई."

"दाव कागद."

त्याने उभ्यानेच, ओळीखाली बोट फिरवत सगळे वाचले. मी त्याच्या बोटाकडे बघत होतो. बराच वेळ चौथ्या कलमावर होते.

"टोप्याचं खरं लिव्हलंस."

"व्हय."

"बैलाचं कशाला लिव्हलंस? कडूबाईला आजून म्हाईत न्हाई." कडूबाई म्हणजे त्याची बायको.

"खोडतो."

"ऱ्हाऊ दे. आता तिला बैलाचं काय वाटायचंय."

मी म्हणालो, "गोपाळ, मला..." त्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"माफी मागू नको. माझ्याजवळ न्हाई ती. लय धुंडाळली. सही हाय, ती देतो."

मी शिवकन्येचे विचारले.

"सकाळीच गाडी गेली. उचल घेतलीया, भावाच्या जोडीनं कोयता हाय यंदा."

"लेकरू?"

"नेलं संगं."

"मशीनीचं सांगितलं का तिला?"

"सांगितलं. मी नको म्हनलो न्हाई, आन घे बी म्हनलो न्हाई. ट्रॅक्टरात चढताना ती म्हनली, 'काकाला सांगा, मला नुसतं सरळ शिवता येतं.'"

एवढे बोलून त्याने पेन मागितले. पार्वतीबाई सिद्धोधन यांना वाचनालयातून बोलावून आणायला गेली.

म्हणून पाचव्या कलमात बदल करतो. शिवकन्या आता गुढीपाडव्याच्या सुमारास परत येईल. डॉक्टरांच्या बोलण्यावरून तोवर मी असेन असे वाटत नाही. मशीन ताबडतोब ढवळवाडीला पोचवू नये, ते दुकानातच झाकून ठेवावे. पार्वतीबाईने दर अमावास्येला त्यात दोन थेंब तेल घालून चाक फिरवावे, नाहीतर ते जाम होईल. शिवकन्या आली तर सर्व तिच्या हवाली करावे. आली नाही तर तिला बोलावू नये, निरोप पाठवू नये, दारात नेऊन ठेवू नये. मशीन तसेच राहू द्यावे.

तिला सरळ शिवता येते, पण सरळ शिलाईवर पोट भरत नाही. समोर बसवून शिकवायला मी नसणार. त्यासाठी ब्लाउजचे पेपर कटिंग पुठ्ठ्यावर कापून, प्रत्येकावर कुठून कुठे जोडायचे ते मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो आहे. कात्री पाच मिनिटांच्या वर धरवत नाही. किती होतील सांगता येत नाही. बाही आणि मुंढा जोडताना नवा माणूस अडतो, म्हणून आज त्यांच्यापासून सुरुवात केली आहे. पाठ आणि पुढचा भाग राहिला तर ते तिला कोणीही दाखवू शकेल.

वर लिहिलेले मी पुन्हा वाचून पाहिले. ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे. खाली दोघांच्या समोर मी सही केली, आणि त्यांनी माझ्या समोर.

लिहून देणार:
(सही) नागनाथ आश्रुबा पतंगे

साक्षीदार:
१. (सही) सिद्धोधन, वाचनालय, खैरी
२. (सही) गोपाळ व्यंकटराव नागरगोजे, ढवळवाडी

स्थळ: खैरी, ता. सोनपेठ, जि. परभणी
दिनांक: २७ ऑक्टोबर २०२५